चार अंक, एकत्रच

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तंजावरकडची मराठी बोलायचा, मला 'तम्बी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा. त्याच्याकडे सुपरहिरोंच्या एका तमिळ मासिकाचे चार अंक होते. इतरत्र येऊन गेलेल्या गोष्टीच त्यात पुन्हा छापल्या होत्या आणि चौथ्या अंकानंतर ते बंद पडलं. अंक सुटा विकायचा नाही, हा त्याचा हट्ट. उभ्याने वाचायला मात्र कुणालाही फुकट.

एकदा अंक उघडला, तर पानापानांत आमच्या संघटनेची कामगार हक्कांची पत्रकं!

"आजोबा, ही वाटायला दिली होती!" मी भडकलो.

"वाटली की. लोक कोपऱ्यावर टाकतात. उरलेली इथं समुद्राची ओल तरी शोषतात."

"म्हणजे आमचा लढा टीपकागद?"

"रागावू नको, तम्बी. हे अंक कोणी अर्धे सोडत नाही."

शेजारी अंक वाचणाऱ्या बाईने पान उलटलं. पत्रक निघालं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे नेऊ का?"

"ते ने. अंक सुटा मिळणार नाही."

पुढच्या रविवारी पत्रकं मीच पानांत घातली.