दादा म्हणायचं नाही

नात माझ्या नव्या मोबाइलमध्ये नंबर भरत होती. माझ्या थोरल्या भावाचा नंबर आला तशी तिनं विचारलं, "आजी, नाव काय टाकू? दादा?"

"नको, भाऊ टाक," मी घाईनं म्हटलं.

ऐंशीच्या दशकात आम्ही अहेरीजवळच्या खेड्यात राहायचो. मी सोळा वर्षांची होते. अंगणात मोहफुलं वाळत होती, त्यांचा गोड, आंबूस वास घरभर होता. पोलीस पाणी प्यायला थांबले. साहेबानं सहज विचारलं, "काल कोन आलतं घरी?"

"दादा आलते."

माझे भाऊ चंद्रपूरच्या कॉलेजातून येऊन गेले होते. पण जंगलातून बंदुका घेऊन येणाऱ्या नक्षलवाद्यांनाही आमच्याकडे दादाच म्हणत. मी मानानं 'आलते' म्हटलं, साहेबाला ते पुष्कळजण वाटले. त्याचा पेला ओठांशीच थांबला.

धिप्पाड बाबा हात जोडून सांगू लागले, "माहा पोरगा जी, साहेब. शिकून राह्यला चंद्रपूरले." मला त्या जोडलेल्या हातांची लाज वाटली. आज वाटतं, त्यांनीच आम्हाला वाचवलं.

घर उपसून झालं. पेटीत भावाची कॉलेजातून आलेली पत्रं सापडली, तेव्हा खात्री पटून पोलीस गेले. बुटांखाली चेंगरलेली मोहफुलं वेचत आई म्हणाली, "आजपासून त्याले भाऊच म्हणजो."

भावाला कुणी काही सांगितलं नाही. दिवाळीत त्यांनी विचारलं, "काऊन वं, मी आता दादा नाई राह्यलो का?" मी नुसती हसले.

नात बाहेर गेल्यावर मी तो शब्द एकदा हळूच म्हणून पाहिला. पण त्याआधी उठून दार लावून घेतलं.