बायडाबाईच्या हाताइतकं तांबं

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर प्रसेनजीत कांबळेचं ऑफिस होतं. ड्रॉइंग बोर्ड, दोन खुर्च्या आणि सगळ्यावर पिठाची पांढरी झाक. बंगले, गुऱ्हाळं, दूध संस्थांच्या इमारती, असली कामं तो करायचा. दोन हजार चारच्या सुमारास पन्हाळ्याच्या वाटेवरच्या नव्या विद्यापीठानं त्याला प्रार्थनागृहाचं काम दिलं, तेव्हा त्याच्या आईनं, शेवंताबाईनं, गल्लीभर पेढे वाटले.

काम नाजूक. कुठल्याही धर्माच्या पोरापोरींनी येऊन घटकाभर बसावं, असं घर पाहिजे होतं. कमिटीत एकाला कळस हवा, दुसऱ्याला घुमट. प्रसेनजीतनं दोन्ही टाळले. गोलसर भिंतींचा साधा हॉल काढला आणि भिंतींना बाहेरून तांब्याचा पत्रा सुचवला. त्या माळावर पाऊस आडवा मारतो. रंगाचे पोपडे निघतात, गिलाव्यावर शेवाळ चढतं. तांबं मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. हे कारण त्यानं कमिटीला सांगितलं.

दुसरं कारण फक्त आईला सांगितलं. त्याच्या आजीला उभ्या जन्मात दुसऱ्याच्या तांब्याच्या घागरीला हात लावता आला नव्हता. वरून ओंजळीत ओततील तेवढं पाणी.

"तांब्याचं घर बांधतोय आई. कुणीबी यावं, खुशाल हात टेकावा."

शेवंताबाईनं डोळ्याला पदर लावला आणि ती म्हणाली, "टेकू देत. तू तेवढा शिडीवरनं पडू नगं."

उन्हाळ्यात पत्रा बसला तेव्हा भिंती अशा झळाळल्या, की गुरं राखणारी माणसंसुद्धा वाट वाकडी करून बघून जायची. मग पावसाळा आला आणि तांब्यावर काळपट डाग उठले. विद्यापीठाचे अध्यक्ष बाळासो गाडीतून उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"आर्किटेक्टसाहेब, ह्ये काय करून ठेवलंय? देवाचं घर हाय का धाब्यावरचा तवा?"

"साहेब, हा काळेपणाच त्याला राखतो. जरा दम धरा, एकसारखा रंग चढंल."

"दसऱ्याला उद्घाटन हाय. तवर एकसारखं दिसलं तर ठीक. न्हाय तर पत्रा काढायचा आणि फरश्या लावायच्या. मग तुमचं नावबी लावू नका."

प्रसेनजीत एक दिवसाआड मोटरसायकल काढून माळावर जायचा आणि भिंत बघून यायचा. भादव्यात डाग एकमेकांत मिसळले. नवरात्र बसलं तशी भिंत जुन्या गुळाच्या रंगावर आली, एकसारखी. त्याचा जीव भांड्यात पडला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी तो पोचला आणि गाडी स्टँडवर लावायचीही विसरला. झाडलोट करणाऱ्या बायका भिंतीला चिंच चोळत होत्या. खालचा पत्रा लखलखीत, वर काळसर, मध्ये ओघळच ओघळ. पुढारपण झुंबरबाईचं.

"हात लावू नगासा!" तो ओरडला. "बाजूला व्हा आधी! कुणी हात लावायचा न्हाय भिंतीला!"

बायका मागं सरल्या. चिंचेचे हात कुठं पुसावेत ते कळेना, तशाच उभ्या राहिल्या. आणि आपण काय बोलून बसलो, ते प्रसेनजीतच्या कानांत घुमलं.

झुंबरबाई पुढं झाली. "सायेब, दसरा हाय उद्या. घरातलं तांबं घासून आलो, म्हटलं देवाचं काळं कसं ठिवायचं? एवढं वराडायला काय झालं?"

"चुकलं मावशी. असं बोलायला नको होतं मी." मग त्यानं तो काळा थर कशासाठी असतो ते सांगितलं. पत्रा कसा टिकतो, फरश्यांची टांगती तलवार कशी आहे, सगळं.

"आत्ता सांगताय व्हय? आधी बोलायचं की!"

त्यानं मिस्त्र्याकडून दोरी आणि खडू आणला. "वरचं माझं, काळं राहील. खालचं तुमचं, घासा. रेघ सरळ पाहिजे. रेघ कुठं मारू?"

"माझा हात पुरंल तिथं," झुंबरबाई म्हणाली.

"तुझा कसला गं हात, ढेकळाएवढी तू!" मागनं बायडाबाई बोलली. ती सगळ्यांत उंच. तिनं भिंतीला लागून हात वर केला, बोटांच्या टोकावर खडूची रेघ पडली. मग प्रसेनजीतही बाह्या सारून चिंच चोळायला बसला. "सायेब, गोल गोल न्हाय, एका दिशेनं!" म्हणून बायकांनी त्याला दिवसभर पिडलं.

दुसऱ्या दिवशी बाळासो आले. "दोन रंग कुणी करायला सांगितलं?"

"कुणीच न्हाय. बायकांनी घासलं, मला पटलं. वरचा रंग पाऊस राखंल, खालचा ह्या राखतील."

बाळासो भिंतीला वळसा घालून आले. पाहुणे खोळंबले होते. चकचकीत पट्ट्यात त्यांना स्वतःचा फेटा दिसला, तो जरा कलला होता. तिथंच उभं राहून त्यांनी तो नीट केला.

"राहू दे," ते म्हणाले. "फरशीवाल्याला नको म्हणून कळवा."

पुढं बायडाबाई कामातनं सुटली. तिच्या जागी आलेली अनुजा झुंबरबाईहून बुटकी. रेघ खाली आणू का, असं प्रसेनजीतनं एकदा विचारलं.

"कशाला?" अनुजा म्हणाली. "स्टूल हाय की."