साळवीमास्तरांचा निवृत्तीनंतरचा पाशिंजर

साळवीमास्तर फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. फोन लागला की आधी स्टीलच्या पेल्यावर किल्लीचे दोन ठोके ऐकू येतात, टण टण, आणि मग आवाज येतो, "जय भीम, पाशिंजर! बसलास ना नीट?" एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे आमच्या पोलादपूर तालुक्यात पोराला बाराखडीच्या आधी कळतं. मास्तरांनी तीस वर्षं पोलादपूर-महाबळेश्वर गाडीवर कंडक्टरकी केली. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. त्यामुळे शाळेतल्या मास्तरांपेक्षा हे मास्तर जास्त लोकांच्या ओळखीचे. निवृत्त होताना त्यांनी पिशवी जमा केली, तिकिटाचं यंत्र जमा केलं, पण घंटी मात्र लपवून घरी आणली, असं त्यांची सून म्हणते.

ती घंटी एक वर्षभर माझ्यासाठी आफ्रिकेत वाजली. आणि मी लिहिलेल्या तीन खोट्या ओळींपायी ती कायमची बंद पडायची वेळ आली होती. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत, म्हणून माझी अब्रू गेली तरी सांगतो.

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट आहे. धावणं हा माझा कामाचा भाग नाही, नाद आहे. शर्यतीत मी कायम मधल्या घोळक्यात असतो, जिथं फोटोवाले कॅमेरा खाली ठेवून पाणी पितात. पण सुट्टीवर आलो की पहाटे पोलादपूरहून कापड्यापर्यंत धावत जायचं आणि येताना पहिल्या एसटीत बसायचं, हे सुख मला कुठल्याही पदकापेक्षा मोठं वाटतं. त्या पहिल्या एसटीत मास्तर असायचे. माझा घामाने भिजलेला शर्ट बघून म्हणायचे, "जाताना फुकट गेलास, येताना तरी तिकीट काढ रे."

मग आमची तुकडी शांतिसेनेत वर्षभरासाठी आफ्रिकेत गेली. छावणीच्या बाहेर एकट्याने पाऊल टाकायची परवानगी नव्हती. आत, कुंपणाला लागून, लाल मातीची एक वाट होती. आठशे मीटर. पाण्याची टाकी, जनरेटर, पहारा, कोठार, आणि पुन्हा पाण्याची टाकी. पहिल्या आठवड्यात हौसेने दहा-दहा फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यात पाण्याची टाकी दिसली तरी डोकं उठायला लागलं. महिना संपता संपता बूट कॉटखाली गेले.

मास्तरांना मी सहज फोन केला होता. काकी, म्हणजे त्यांची बायको, वर्षापूर्वी गेली होती आणि मास्तर घराबाहेर पडेनासे झाले होते. ओटीवर बसायचे, आणि एसटी दिसली की तोंड फिरवून घ्यायचे. मी त्यांना हसवायला म्हणून म्हटलं, "मास्तर, मी इथं घाण्याचा बैल झालोय. त्याच त्या फेऱ्या."

"किती मीटरची फेरी?"

"आठशे."

"दहा मारतोस?"

"मारत होतो."

"म्हंजे आठ किलोमीटर." मास्तर पुटपुटत थांबे मोजू लागले. "मंग तू बैल कशाला? तू गाडी हायस. महाडच्या स्टँडातून सूट. आठ म्हंजे पयल्या दिवशी नडगाव मागं टाकलंस. दुसऱ्या दिवशी लोहारे. तिसऱ्या दिवशी माझ्या दारावरून जाशील, तवा हात कर. तिथनं कापडे, आंबेनळी घाट, वर महाबळेश्वर. तिकडं टेकलास की परतीची फेरी. रोज मला लिव किती झालं ते. कंडक्टर मी."

आणि टण टण.

मला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत. पण दुसऱ्या दिवशी मी आठ किलोमीटर लिहून पाठवले, तर उत्तर आलं, 'नडगाव गेलं. पुढं खड्डा हाय, सांभाळ.' तिथे लाल मातीत खड्डा नव्हता, तरी मी दुसऱ्या दिवशी उडी मारली. हसू नका. माणूस घरापासून सहा हजार किलोमीटर लांब असला की असल्या गोष्टींना उड्या मारतो.

रविवारी तर कमालच व्हायची. शनिवारपर्यंत मी जिथं पोचलो असेन तिथं मास्तर सकाळी स्वतः जायचे. निवृत्त कर्मचाऱ्याचा पास होता, त्यावर गाडीने जायचे, उतरायचे आणि तिथून फोन लावायचे. त्यांच्याकडे दहा वाजलेले असत, माझ्याकडे साडेसहा. मी फोन कानाला लावून धावायचो आणि मास्तर सांगायचे, "कापड्याच्या थांब्यावर हाय. पिंपळाखाली दोन बायका बसल्यात, एकीच्या पाटीत रानभाजी. भात लावनी अर्धी झालेय. आन ऐक, चहावाल्याची पोरगी नर्सिंगला लागली, तुझं नाव सांगितलं तिला." मी एकदा म्हटलं, "मास्तर, हे घरी बसूनही सांगता येईल की. तीस वर्षांचा रस्ता तुम्हाला पाठ आहे."

मास्तर दुखावले. "गाडी फुडं आन कंडक्टर मागं, असं कदी ऐकलंस?"

त्यांचा मुलगा संजय महाडला कारखान्यात कामाला आहे. त्याने एकदा मला वेगळा फोन केला. म्हणाला, "अप्पा पुन्हा दाढी करायला लागलेत. तू काही कर, पण हे बंद करू नको." तेव्हा मला कळलं की घंटीच्या दोरीच्या एका टोकाला मी आहे तसे दुसऱ्या टोकाला मास्तर आहेत.

मास्तर कडक. नियमाला पक्के. पण त्यांचा एक नियम त्यांच्या खात्यानेही केलेला नव्हता. मी कॉलेजात असताना भर श्रावणात त्यांच्या गाडीने घाटातून येत होतो. एक प्यायलेला माणूस विनातिकीट सापडला, वर मास्तरांनाच आईवरून बोलला. सगळी गाडी ओरडायला लागली, उतरवा त्याला. बाहेर धुकं असं, की ड्रायव्हर काच खाली करून रस्ता बघत होता. मास्तर म्हणाले, "शिवी खाईन. पन घाटात पाशिंजर उतरवनार नाय. काय करायचं ते स्टँडात." आणि त्याला स्वतःच्या जागेवर बसवून पोलादपूरपर्यंत उभे आले. स्टँडात उतरल्यावर मात्र त्याला असा झापला, की त्याची उतरली.

आता माझ्या तीन ओळी. जुलैत आमच्या छावणीत मलेरियाची साथ आली. माझ्या वॉर्डात वीस कॉट भरल्या. बुधवारी मी कसाबसा पोलादपूर स्टँडात पोचलो होतो. गुरुवारी ड्यूटी संपवून आलो आणि बूट न काढता झोपलो. संध्याकाळी मास्तरांचा निरोप, 'गाडी निघाली का?' आता नाही कसं म्हणायचं? त्यांची दाढी माझ्या धावण्यावर अवलंबून! लिहिलं, 'आठ.' शुक्रवारी ड्यूटी हलकी होती, पण अंगच उचलेना. 'आठ.' शनिवारी तर काही कारणच नव्हतं. कॉटवर लोळत सिनेमा बघितला आणि लिहिलं, 'आठ.' मास्तरांचं उत्तर आलं, 'शाब्बास. चोवीस. आंबेनळी चढलास.'

रविवारी साडेसहाला मी फोन घेऊन बसलो. फोन आला नाही. सात वाजले, आठ वाजले. मग गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. आंबेनळी घाटात दरड, रस्ता दोन ठिकाणी बंद, झाडं मुळासकट आडवी. संजयला फोन लावला.

"अप्पा सकाळच्या गाडीने वर गेलेत," तो म्हणाला. "गाडी वर पोचली. पण अप्पा मधेच उतरले होते. तू जिथं पोचलास तिथं." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी खरं लिहिलं असतं तर त्या रविवारी मास्तरांना घरातून उठून पोलादपूर स्टँडात जायचं होतं, चहा प्यायचा होता आणि मला फोन करून घरी यायचं होतं. माझ्या आळसाने त्यांना भर पावसात घाटात नेऊन उभं केलं होतं. एरवी आळसाने माणसाचं पोट सुटतं. माझ्या आळसाने दुसऱ्याचा जीव जायची पाळी आली.

दोन दिवस घाटात नेटवर्क नव्हतं. रस्ता मोकळा करणारे खालून काम करत होते, संजय त्यांच्याबरोबर चिखलात उभा होता. मी काय करणार? सुट्टी मिळाली असती तरी पोचायला तीन दिवस. मी बूट चढवले आणि धावायला लागलो. ड्यूटी, धावणं, ड्यूटी, धावणं. फेऱ्या मोजल्या नाहीत. पाण्याची टाकी किती वेळा आली ठाऊक नाही. पहाऱ्यावरच्या तमिळ जवानाने विचारलं, कुठली शर्यत आहे? मी नुसता हात हलवला आणि पुढची फेरी धरली.

मंगळवारी दुपारी वॉर्डात अनोळखी नंबरचा फोन वाजला. उचलला. पलीकडे आधी नुसती खरखर. आणि मग कशावर तरी, बहुतेक पत्र्यावर, टण टण.

मी तिथंच जमिनीवर बसलो. सुटलो, एवढा एकच शब्द डोक्यात होता. समोरच्या कॉटवरचा तापाने फणफणलेला पेशंट उठून मला पाणी द्यायला आला.

"जित्ता हाय रे," मास्तर म्हणाले. "वर-खाली दोनी अंगाला दरड आली, मदे मी. एका म्हातारीच्या घरात ऱ्हायलो. आता दरड काढनारे पोचले, त्यांचाच हा फोन. नाचनीची भाकरी खाऊन कंटाळलो बघ. तू कुठवर गेलास?"

आता गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं. पण त्या दोन दिवसांनंतर माझ्याच्याने ते होईना. "मास्तर," मी म्हणालो, "मी गेलोच नव्हतो. पोलादपूर स्टँडातच होतो. तिन्ही दिवस खोटं लिहिलं."

पलीकडून फक्त पाऊस ऐकू येत होता. मी एका ठोक्याची वाट बघत होतो. एक घंटी म्हणजे थांबा, आणि ती वाजवायचा त्यांना पुरता हक्क होता.

"म्हंजे विनातिकीट," मास्तर शेवटी म्हणाले.

"हो."

"मी आता घाटात हाय. घाटात कुनाला उतरवत नाय मी. स्टँडात ये, मंग बघतो तुला."

टण टण.

त्यानंतर मी धावलो नाही तर शून्य लिहीत असे. शून्याला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, 'गाडी डेपोत हाय. डेपोत ऱ्हायली म्हंजे मोडली नाय.' हे वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या गुरुवारी मी सुखाने झोपलो असतो. धावायचा कंटाळा येतो त्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी माणूस खोटं बोलतो किंवा कायमचं सोडून देतो. मास्तरांनी माझी लाजच काढून घेतली. उरलेल्या महिन्यांत माझी शून्यं कमी कमी होत गेली, न ठरवता.

दिवाळीनंतर घरी आलो. पोलादपूर स्टँडात मास्तर गुळगुळीत दाढी करून उभे. मिठी वगैरे काही नाही. "विनातिकीट चोवीस किलोमीटर," ते म्हणाले. "दंडासकट दुप्पट. चोवीस रविवारी, उरलेले मी सांगेन तवा."

रविवारी पहाटे निघालो. मास्तर गाडीने पुढे गेले. चोविसाव्या किलोमीटरला, दरडीची लाल माती अजून कडेला होती तिथं, ते हातात तांब्या घेऊन उभे होते. शेजारी एक म्हातारी. तिच्या घरी त्यांनी ते दोन दिवस काढले होते.

"काकी गो, हाच तो," मास्तर म्हणाले.

म्हातारीने मला खालपासून वर न्याहाळलं. "तू व्हय? तुज्यापायी ह्याने मला दोन दिस झोपू नाय दिला. सारखा आपला दारात जाऊन बगायचा. मी म्हटलं, बाबा, तू वाचलास ना, मंग गप पड की. तर म्हनतो कसा, 'माझं सोडा. माझा पाशिंजर दरड यायच्या आदी वर गेला असंल ना?'"

मी मास्तरांकडे बघितलं. ते तांब्यातलं पाणी उगाच हलवत घाटाकडे बघत होते. ज्या माणसासाठी मी दोन दिवस छावणीत वेड्यासारखा धावलो, तो तेच दोन दिवस इथं, रस्त्यावर नसलेल्या माझ्या काळजीने दाराशी जात होता. मी वाकून त्यांचे पाय धरायला गेलो, तसे ते मागे सरकले.

"पाया पडून दंड माफ नाय व्हत," ते म्हणाले, आणि किल्लीने तांब्यावर दोनदा वाजवलं.

उरलेले चोवीस त्यांनी अजून भरून घेतलेले नाहीत. दर सुट्टीत विचारतो. दर वेळी म्हणतात, "फुडच्या खेपेला. तू ये तर खरा."