बाई मला वांगं म्हणाल्या

मिरजेच्या स्टेशनवर माझे वडील, आबा, सोडायला आले होते. आटपाडी सोडून मी तमिळनाडूत सेलमला निघालो होतो, चुलतभावाच्या सोनं गाळायच्या दुकानात. बरोबर बायको सुरेखा आणि पाच वर्षांची आर्वी. गाडी हलली तसा आबांनी खिडकीचा गज धरला आणि चालता चालता मला सल्ला दिला, "काय कळलं न्हाई तर निस्तं हसायचं रं. हसनाऱ्याला कोन मारत न्हाई."

गावाकडच्यांनो आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांनो, हा सल्ला मी फारच मनावर घेतला. एक गिऱ्हाईक पडल्या चेहऱ्यानं बराच वेळ काही सांगत होतं, मी बत्तीशी दाखवून हसत होतो. नंतर चुलतभाऊ म्हणाला, "गड्या, त्याचा बाप वारलाय."

असं हसत हसतच आर्वीला तमिळ शाळेत घातलं. काही आठवड्यांत शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या दारात पाऊल टाकतोय, तोच सेल्वी टीचर उठल्या, हात जोडून म्हणाल्या, "वांगऽ, वांगऽ!"

आता मी काळा आहे, पोटाशी गोल आहे, आणि माथ्यावर उरलेले केस देठासारखे उभे राहतात, हे मला मान्य आहे. पण कृष्णाकाठच्या वांग्यांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला भेटीच्या पहिल्या मिनिटाला असं तोंडावर? मी हसलो.

टीचर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागल्या. आर्वीला ऐकू कमी येतं का? फळ्यापाशी बोलावलं तरी जागची उठत नाही, नुसती हसते. बाकीची मुलं अक्षरं गिरवतात, ही बसून. अशी मागं पडण्यापेक्षा तुमच्या गावच्या शाळेत पाठवा.

माझं हसू तिथंच मावळलं. आमच्या धंद्यातल्या कितीतरी घरांत आईबाप एका राज्यात आणि लेकरं आजाकडं, हे चालत आलेलं आहे. आबाही फोनवर तेच म्हणायचे, "पोरगी हिकडं धाड. तिथलं काय कळतंय तिला?" ते ऐकलं की सुरेखा उठून आत जायची.

सुरेखाला काय तोंड दाखवायचं, ते सुचेना. मग माझ्या डोक्यात आधीपासून खदखदत होतं तेच बाहेर पडलं. "मॅडम, लड़की का बाद में देखेंगे. पहले बताओ, मेरे को बैंगन क्यों बोला?"

टीचर बघतच राहिल्या. मी हातानं देठ काढून दाखवला, स्वतःच्या पोटावर थाप मारली. "वांगं! हमारे उधर बैंगन को वांगं बोलते!" बाई खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. वांगऽ म्हणजे 'या'. मोठ्यांना वांगऽ. लहानांना नुसतं 'वा'.

वा!

मी वर्गात बसलेल्या आर्वीकडं वळलो. "बाय, टीचर बोलावत्यात, तर उठत का न्हाईस?"

"कुठं बोलावत्यात? माझ्याकडं बघून वा, वा म्हंत्यात. मग मी हसती."

पोरगी रोज शाबासकी खात बसली होती.

घरी सुरेखानं सगळं ऐकून घेतलं, आर्वीला घट्ट जवळ ओढलं आणि मला म्हणाली, "भरीत न्हाई केलं व्हय तुमचं?"

आर्वी त्याच शाळेत राहिली. टीचरनी 'वा' म्हणताना हातानं खूण करायला आणि पाठोपाठ 'ये' म्हणायला सुरुवात केली. वर्गात बिहारच्या दोन बहिणी होत्या, त्यांच्यासाठी 'आओ'. पुढं सगळा वर्गच एकमेकांना तिन्ही हाका मारायला लागला. शाळेला फाटक नव्हतं, पुस्तकं फुकट होती, दुपारचं जेवण मिळत होतं. तरी माझं लेकरू एका अक्षरापायी बाहेर राहणार होतं. जगात अशी किती लेकरं हसत बसलेली असतील, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

यंदा उन्हाळ्यात आटपाडीला गेलो. दारातल्या लिंबाखाली आर्वीनं ठसक्यात तमिळ गाणं म्हटलं. आबांना एक शब्द कळला नाही. ते आपलाच सल्ला पाळत हसत बसले होते. पूर्वी कुणी घर विचारलं की मी पटकन 'आटपाडी' म्हणायचो, आता जरा अडखळतो. गाणं संपलं. आबांनी मांडीवर थाप मारली. "वा!"

आर्वी उठली, सरळ गेली आणि त्यांच्या मांडीवर बसली.

"हिला कुनी बोलीवलं रं?" आबा चकित.

मी म्हणालो, "तुमीच की, आबा."