पन्हळीपर्यंत तीन थर

गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा बाबा हवेत होते.

वाढवून सांगत नाहीये. खाली सात-आठ जणांचं कडं, त्यांच्या खांद्यांवर दोन पोरं, त्या पोरांच्या खांद्यांवर बाबा. डोक्यावर माझं स्कूटीचं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली आवळलेला. एक हात भिंतीला, दुसरा प्लास्टिकच्या पन्हळीत. बीपीची गोळी चुकली की बाथरूममध्ये नळ धरून उभा राहणारा माणूस, तो तिसऱ्या थरावरून खुरप्याने पाचोळा उकरत होता.

माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. 'थर कमी करा, एक्का कोणाचा तरी मुलगा आहे.' मीच लिहिलेलं. एक्का म्हणजे सगळ्यांत वरचा. हंडीला अजून दोन-अडीच महिने होते, तरी ठाण्यात सकाळपासून एका गोविंदा पथकाशी भांडून आले होते. घसा बसलेला. आणि इथे, आमच्याच मागच्या गल्लीत, नाल्याच्या कडेला, भर दुपारी हा प्रकार!

त्या पन्हळीबद्दल सांगायलाच हवं, कारण खरी गुन्हेगार ती आहे. आमचं घर डोंबिवलीच्या कडेच्या गावठाणातलं. बाबांच्या लहानपणी दारापर्यंत भातशेती होती, आता टॉवर आहेत. घर ठेंगणं, एक मजली, वर सिमेंटचे पत्रे. पत्र्यांच्या कडेला पांढरी प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर पन्हळ. पुढच्या बाजूची पन्हळ पडवीवरच्या छोट्या गच्चीतून हाताला येते. मागची नाल्यावर लोंबते. शिडी लावली तर पाय गाळात रुततो, पत्र्यावरून गेलं तर पत्रा फुटतो. ज्याने ती लावली त्याने बांबूच्या परांचीवर उभं राहून लावली, परांची सोडली आणि गेला. पुढे ती साफ कोण करणार, कशी करणार? हा प्रश्न त्याला पडला नाही. आम्हालाही पडला नाही. आम्ही त्याला चहा पाजला!

पन्हळ तुंबली की पाणी पट्टीवरून भिंतीला लागतं, आणि त्याच भिंतीवर मीटरची पेटी आहे. गेल्या पावसात पेटीतून ठिणग्या उडालेल्या. त्यामुळे पाऊस पडायच्या आत ती साफ व्हायलाच हवी होती, हे मलाही मान्य. परांचीवाल्याने मात्र गणपतीनंतरचा वायदा केलेला.

"बाबा!" मी ओरडले.

चूक. बाबांनी मान वळवली, मधल्या थरातल्या एका पोराचा गुडघा थरथरला, सगळा मनोरा भिंतीला घासत बोटभर सरकला. त्याच क्षणी आईचा ओला हात माझ्या तोंडावर आला.

"थर लागलेला असताना हाक मारतात? या गावची ना तू?" ती कुजबुजली.

मी तिचा हात काढला. "आई, त्यांना उतरव. आत्ताच्या आत्ता. डोकं फिरलंय का तुमचं सगळ्यांचं?"

"सगळं नियमाने चाललंय. खाली बघ."

खाली बघितलं. घरातल्या सगळ्या गाद्या गल्लीत अंथरलेल्या. माझी पण. फक्त नाल्याच्या बाजूला गादी नव्हती, कारण तिथे गादी ठेवायला जमीनच नव्हती.

"गाद्या घाला, लिहिलंयस. घातल्या. हेल्मेट लिहिलंयस. घातलं. चार थरांच्या वर नको, हे तर तीनच आहेत."

"आई, ते हंडीसाठी आहे!"

"आणि लहान पोरांना चढवायचं नाही," खालच्या कड्यातून काकांचा दबका आवाज आला. गावच्या पथकाला थर लावायला काकाच शिकवतात. "शेजारचा बारका चढत होता. तुझा बाप बोलला, माझ्या पोरीने लिहिलंय, चौदाच्या आतला नको. मग हलका कोण राहिला? हाच बोंबील."

मी पत्रकात मुलगा लिहिला होता, बाप लिहायचा राहिला होता. माझ्या घरात माझं पत्रक मन लावून वाचलं होतं, एक ओळ सोडली नव्हती, आणि त्याचाच परवाना करून बीपीवाल्या माणसाला नाल्यावर टांगलं होतं.

वरून काळा लगदा धपकन पडला. कबुतरांची पिसं, पिंपळाची पानं, पतंगाचा मांजा. "अजून आहे रे, तोंडाशीच आहे," बाबा म्हणाले. आवाज असा, की भाजी निवडत बसलेत.

तेवढ्यात कड्यात नाल्याच्या बाजूला उभ्या असलेल्या पथकातल्या एका दादाचा पाय गाळात गेला.

कडं तिथे खचलं. त्याच्या खांद्यावरचा पोरगा तिरका झाला. बाबांनी पन्हळ धरली, पन्हळ कर्रकन वाजली, आणि कोणीच ओरडलं नाही. माझ्या सगळ्या घोषणा, सगळे मुद्दे, एकही उपयोगाचा नव्हता. मी पिशवी टाकली आणि त्या दादाच्या शेजारी खांदा घातला. कोणाची तरी टाच माझ्या गळ्याच्या हाडावर बसली. गाल ओल्या भिंतीला, डोळ्यांत घाम. बाबांचं सगळं वजन कुठून कुठून फिरत माझ्यापर्यंत पोचतंय, एवढंच कळत होतं.

"मान खाली, बाला. श्वास सोड," काका मला म्हणाले. मग वर बाबांना, "दादूस, उतर आता."

"एक मिनिट."

"उतरा!" मी भिंतीलाच सांगितलं, हळू.

ते एक मिनिट त्यांनी घेतलंच. खुरपं दोनदा खरवडलं. मग पोरांच्या पाठींवरून, कमरांवरून, शेवटी माझ्या पाठीला धरून ते गादीवर उतरले. हेल्मेट काढलं तर चेहरा पांढरा. आईने पाणी दिलं.

मी मात्र ओरडत सुटले. काय काय बोलले, आठवत नाही. काका, आई, पोरं, परांचीवाला, कोणालाच सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी ही पन्हळ इथे दिसली तर मी स्वतः तोडून टाकणार आहे."

बाबांनी माझ्या मानेवरचं कुजलेलं पान काढलं.

"तोड ना," ते म्हणाले. "पण तोडायला पण वर चढायलाच लागेल, बाय."