डब्याच्या बुडाशी कोरलेली किल्ली

सर गेले त्यानंतर दोनेक महिन्यांनी वहिनींचा फोन आला. "अगं, तुमच्या त्या रविवारच्या बैठकांचं रेकॉर्डिंग व्हायचं ना? त्यात ह्यांचा आवाज असेल?"

असेल म्हणजे काय, जास्त आवाज त्यांचाच होता. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला एकदा ऐकायचाय. फोटो खूप आहेत. आवाज कुठंच नाही."

खरं होतं. सर फोटोला उभे राहायचे, पण कुणी व्हिडिओ सुरू केला की बाजूला सरकायचे. फोनवर बोलून निरोप पाठवणं त्यांनी कधी केलं नाही. पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेला माणूस. एकदा यंत्रात गेलेलं परत आपलं राहत नाही, असं मानायचे आणि तसं वागायचे.

"बघते," म्हणून मी फोन ठेवला. अडचण काय आहे ते मला नेमकं ठाऊक होतं.

आमचा गट चौघांचा. सर, मी, टेंभुर्णीचा एकजण आणि सॉफ्टवेअर कंपनीतला एक तरुण. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात संगणक सांभाळते. टेंभुर्णीवाल्याचं तेव्हा नवी पेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी सकाळी अर्धं शटर खाली ओढून आम्ही तिथं बसायचो. सरकार नव्या नियमांचे मसुदे जाहीर करतं आणि लोकांकडून हरकती मागवतं, हे सोलापुरात किती जणांना माहीत असेल देव जाणे. आम्ही ते मसुदे छापून आणायचो, कलमाकलमावर भांडायचो आणि हरकती पाठवायचो. उत्तर कधी आलं नाही. आम्ही पाठवत राहिलो.

मुद्दे लिहून काढायचं काम माझं, म्हणून बोलणं रेकॉर्ड करायचं ठरलं. पण त्यात जोखीम होती. अमुक संस्थेच्या वेबसाइटवर लोकांचे पत्ते उघडे पडलेत, तमुक ठिकाणी पासवर्डच नाही, असं आमच्यातल्या कुणी ना कुणी पाहिलेलं असायचं आणि ते तिथं बोललं जायचं. दुसऱ्याच्या यंत्रणेत न विचारता डोकावणं कायद्यानं गुन्हा ठरू शकतं, हेतू कितीही चांगला असला तरी. तेव्हा सगळं रेकॉर्डिंग माझ्याकडच्या एका डिस्कवर, कुलूपबंद. आणि कुलपाची किल्ली कुणा एकाकडे नको, म्हणून तिचे चार भाग. कुठलेही तीन एकत्र आले तरच डिस्क उघडणार. दोघांनी डोकं आपटलं तरी काही हाती लागणार नाही. कल्पना सरांची.

भाग ठेवायचे कुठं? कागद फाटतो, पेनड्राइव्ह खराब होतो. मग सरांनीच सुचवलं, स्टीलवर कोरू. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून चार सारखे डबे घेतले आणि प्रत्येकाच्या बुडाशी अक्षर-आकड्यांची एकेक ओळ घालून घेतली. मशीनवर नावं घालणारा माणूस ओळ बघून थांबला.

"कुणाचं नाव हाय हे? आहेर कुठल्या गावचा?"

"आमच्या जातीत अशीच नावं ठेवतात," सर म्हणाले.

"मग हाक मारेपर्यंत जेवण गार होत असंल की."

हसत हसत चौघं आपापला डबा घेऊन घरी गेलो. चार शहाणी माणसं, पण घरातला डबा कधी एका जागी राहत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझा राहिला, कारण मी एकटी राहते. माझ्याकडून डबा जातो कुठं आणि येतो कुठून? त्यात मी सुटे स्क्रू ठेवते. सॉफ्टवेअरवाला कॅनडाला गेला. त्याला मेल केला तर त्याच दिवशी उत्तर आलं: "ताई, उद्देश संपला की माहिती पुसायची, हे आपणच हरकतीत लिहिलं होतं ना? माझ्याकडची ओळ मी पुसली. घर आवरताना आईनं डबाही मोडीत दिला. पण काकूंना सरांचा आवाज ऐकवायला माझी हरकत नाही." म्हणजे उरले तीन. माझा, सरांचा, टेंभुर्णीवाल्याचा. तिन्ही लागणार होते.

वहिनींनी स्वयंपाकघरातली मांडणी माझ्यासमोर रिकामी केली. सरांचा डबा नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं. सर गेले तेव्हा घरात चूल पेटली नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी पिठलं-भाकरी, भात आणून दिला होता. नंतर त्यांनी ज्याचे त्याचे डबे परत केले. "कुणाचा कुणाला गेला, मला कुठलं भान होतं?"

कोण कोण आलं होतं, ते मी विचारून लिहून घेतलं आणि कामाला लागले. लोकांच्या घरी जाऊन भांडी उलटी करून बघणं हे अवघड काम आहे. एका काकूंनी दारातच विचारलं, "चोरीचा माल शोधताय का?" दुसऱ्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी जितकी माणसांत बसले, तितकी त्याआधी कित्येक महिने बसले नव्हते. कारखान्यात दिवसभर माणसं असतात, पण आपला मेसेज वाचायचा हक्क कुणाला असावा यावर तिथं कुणी भांडत नाही. रविवारी मी पंखे पुसते, कपाट लावते, आठवड्याची भाजी निवडते. नऊला सगळं संपलेलं असतं. उरलेला दिवस कसा घालवायचा, ते मला अजून जमलेलं नाही.

सगळी घरं झाली आणि शेवटी टेंभुर्णीवाल्याचं उरलं. ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. गट त्याच्यावरून मोडला होता. खोटा निरोप पाठवून कुणीतरी त्याच्या बहिणीची गावभर बदनामी केली होती. निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला ते पोलिसांना शोधता आलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. एकासाठी कुलूप तोडलं की सगळ्यांचं तुटतं, असं सरांचं. त्या रविवारी तो उठून ओरडला, "तुमची बहीण असती तर?" आणि स्वतःच्याच दुकानातून निघून गेला. पुढे त्यानं दुकानही गावी हलवलं. तरी सर गेल्याचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी तो पिठलं घेऊन आला होता, हे मला वहिनींकडून कळलं.

एसटीनं टेंभुर्णीला गेले. दुकान हायवेलगत. पंपाचे स्टार्टर, मोबाइलची कव्हरं आणि मागे दोन जुने संगणक. मला बघून तो काउंटरवरून उठला.

"ताई, या की. डब्यासाठी आलाव नव्हं?"

"तुला कसं कळलं?"

त्यानं कपाटाच्या वरच्या फळीवरून दोन डबे काढले आणि माझ्यापुढे पालथे घातले. दोन्हींवर ओळी होत्या, वेगवेगळ्या. "वहिनींनी माझा म्हणून सरांचा दिला. पिठलं मी दुसऱ्या डब्यातून आणलं हुतं, कोरलेला माझा घरातच हुता. घासताना बायको म्हणाली, ह्याच्यावर बी तुमचं मंत्र हायती."

"मग सांगायचं नाहीस?"

"कुणाला सांगू? दोन भाग माझ्याकडं. तिसरा तुमच्याकडं. तुमच्याशी बोलणं न्हाय." वहिनींना सरांचा आवाज ऐकायचाय, हे मी सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मी उघडणार न्हाय, ताई."

मला वाटलं, राग आहे. म्हटलं, "अरे, पोलिसांना सगळ्यांची कुलपं उघडता आली पाहिजेत म्हणणारा तूच ना?"

"व्हय. मीच. अजून बी म्हणतो." तो स्टूल ओढून बसला. "पण सर काय म्हणाले हुते? माणूस मेला म्हणून त्याचं खासगी संपत न्हाय. कायदा काही म्हणू दे, माझ्या माघारी माझं काही उघडू नका. आठवतंय का?"

आठवत होतं. मसुद्यातल्या वारसाच्या कलमावर बोलताना म्हणाले होते. मी तो मुद्दा लिहूनही घेतला होता.

"समोर हुते तवा मी त्यांचं ऐकलं न्हाय. शिव्या देऊन गेलो. आता तर ऐकतो की." त्यानं मान दुसरीकडे वळवली. "वहिनींना सांगितलं का तुमी हे?"

"नाही. त्यांनी आवाज मागितला, मी डबे शोधायला लागले."

"मग आदी सांगा. सगळं ऐकून बी त्या हो म्हणल्या, तर मी येतो. त्यांच्या घरातल्या माणसाचं हाय, तुमच्या-माझ्या घरातलं न्हाय."

निघताना त्यानं सरांचा डबा माझ्या हातात दिला. जड लागला. रिकामा परत कसा करायचा म्हणून त्याच्या बायकोनं त्यात शेंगदाण्याची चटणी भरली होती.

संध्याकाळी चटणीचा डबा वहिनींच्या ओट्यावर ठेवला आणि सर काय म्हणाले होते ते शब्द न बदलता सांगितलं. त्या डब्याचं झाकण उघडून वास घेत उभ्या राहिल्या.

"असं म्हणाले?"

"हो."

"मला कधी नाही म्हणाले." त्यांनी झाकण लावलं. "मला म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. आता मला ऐकायचंय. लाव त्याला फोन." आणि फोनवर फक्त एवढंच बोलल्या, "भावजी, रविवारी या. वाद घालायचा तर माझ्याशी घाला."

रविवारी तो आला. वाद घातला नाही. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तिन्ही डबे उलटे ठेवले, मी ओळी वाचल्या, त्यानं टाइप केल्या, डिस्क उघडली. मी मधलीच एक तारीख निवडली. सरांचा आवाज आला. पुढे वाकून, घसा साफ करून बोलायची सवय होती, तसाच. मेसेज पाठवणारा कसा शोधावा, त्यात चूक झाली तर निरपराध माणूस कसा अडकतो, असं चाललं होतं. मधे मी बोलत होते, मधे तो. एकदा सगळे हसलो. सर मोठ्यानं हसले.

वहिनी पदर हातात धरून ऐकत होत्या. बराच वेळ गेला. चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटत होतं, रडतील. त्या रडल्या नाहीत. एका जागी म्हणाल्या, "मला ह्यातलं काही कळत नाहीये."

"थांबवू?"

"थांब. घरी एवढं कधी बोलत नव्हते गं." मग जरा वेळानं, "हे तुमच्यासाठी बोललेत. माझ्यासाठी ह्यात काही नाही."

मी थांबवायला हात पुढे केला, तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये शटर वाजलं आणि सर म्हणाले, "चहा सांगा रे. माझ्यात साखर नको."

वहिनींनी माझा हात धरला. "परत लाव."

लावलं.

"साखर नको? घरी तर दोन चमचे घ्यायचे."

टेंभुर्णीवाला म्हणाला, "आमच्याकडं कायम बिनसाखरेचाच, वहिनी. गोड मला आवडत न्हाय म्हणायचे."

"मग मी घालायचे ती?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, उत्तर माझ्याकडे असल्यासारखं. मग म्हणाल्या, "हे एवढंच मला काढून दे. बाकीचं बंद कर, त्यांना नको होतं तर नको."

मी ते दोन वाक्यांचं बोलणं कापून त्यांच्या फोनवर घातलं. डिस्क बंद केली. टेंभुर्णीवाल्याची एसटी होती, तो गेला, जाताना दारात म्हणाला, "ताई, कधी तिकडं आलात तर या." मी येईन म्हटलं. तिकडं माझं काहीच काम नसतं.

मी चपला घालत होते. वहिनी आत चहा टाकत होत्या, एकटीपुरता. फोन ओट्यावर होता. सरांचा आवाज दोनदा आला, मग साखरेच्या बरणीचं झाकण उघडल्याचा, मग परत सरांचा. मी दार हळू ओढून घेतलं.