सगळ्यात लहान मापाच्या हिरव्या बांगड्या

मी अंगणवाडी सेविका. मिरजगावपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. बालविवाह रोखायला गावात समिती आहे, तिच्यात सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि मी. आमची पद्धत सोपी होती. मांडववाला, आचारी, बँडवाला यांना बजावून ठेवलेलं की लग्नाची सुपारी घेण्याआधी मुलीचा शाळेचा दाखला बघायचा. सगळं सुरळीत चाललेलं आणि मी, खोटं कशाला बोलू, जरा हवेतच होते.

मग कोरोना आला. मांडव नाही, आचारी नाही, बँड नाही. दहा माणसांत, घरातल्या घरात लग्नं उरकायला लागली. शाळा बंद, ऊसतोडीहून परतलेल्या आईबापांपुढं दिवसभर घरात बसलेली पोर, आणि लग्नाला खर्च जवळजवळ नाहीच. आता गावात लग्न लागलं तरी आम्हाला कळणार कुणाकडून? मी बाई मास्क वाटत फिरत होते! हे माझ्या डोक्यात आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

गावातल्या कासारीण मावशी मात्र जाग्या होत्या. साठीच्या, गुडघ्यांनी अधू, समितीत नाव नाही. एका दुपारी त्यांना गुपचूप निरोप आला की परवा लग्न आहे, चुडा भरायला या. गेल्या तर समोर दहावीतली मुलगी. दर नागपंचमीला मावशींनीच तिला बांगड्या भरलेल्या. त्यांनी तिचा हात हातात घेऊन दाबून बघितला. त्या मापाच्या हिरव्या बांगड्या पेटीत होत्या, आणि गिऱ्हाईक कित्येक महिन्यांनी मिळालेलं. तरी पेटी न उघडताच मावशी तिच्या आईला म्हणाल्या, “ह्या मापाचा हिरवा चुडा न्हाई माझ्याकडं. नगर बंद हाय, माल कुठनं आणू?”

हिरव्या चुड्याशिवाय लेकीला बोहल्यावर चढवायला आई तयार होईना. मला वाटतं, तिलाही निमित्तच हवं होतं. लग्न चार दिवस पुढं गेलं आणि मावशी काठी टेकत तडक माझ्या दारात आल्या.

मी ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि मावशींना घेऊन तणतणतच त्या घरी गेले. कायदा, दंड, तुरुंग, सगळं एका दमात ऐकवलं. मुलीच्या बापानं ऐकून घेतलं, मग एवढंच विचारलं, “बाई, दिवाळीनंतर आमी दोघं उसाच्या फडात जानार. तवा हिला कुनाच्या भरवशावर ठिवू?”

इतक्या बैठका झाल्या, फोटो काढले, शपथा घेतल्या, पण हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता.

“माझ्याकडं ठिव,” मावशी म्हणाल्या. “मी एकटीच हाय.”

अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं बापानं लिहून दिलं. पुढचे तीन हंगाम ती मुलगी मावशींच्या दोन खोल्यांत राहिली. दुसऱ्या हंगामात तिच्या जोडीला आणखी दोघी आल्या, मग समितीनं आणखी तीन घरं शोधली. आता दिवाळीआधी आम्ही दारोदार जाऊन आधी हेच विचारतो, की तुम्ही गेल्यावर पोर कुणाकडे राहणार. समितीच्या यादीत मावशींचं नाव पहिलं आहे. बैठकीत त्या खुशाल डुलक्या काढतात. काढू देत! मला त्यांचा फार अभिमान आहे.

ती मुलगी आता नगरला नर्सिंग शिकते. गेल्या नागपंचमीला मावशींकडे आली, तेव्हा मी तिथंच होते. मावशींनी पेटीच्या तळातून कागदात गुंडाळलेल्या त्याच हिरव्या बांगड्या काढल्या आणि एक तिच्या हातावर चढवून बघितली. बांगडी बोटांच्या मुळाशीच अडली. मावशींनी हात दाबला, वळवला, पुन्हा दाबला.

“न्हाई जात आता,” त्या हसून म्हणाल्या, आणि मोठं माप शोधायला लागल्या.